खिळ्याला टांगलेलं कार्ड : एका पिग्मी ॲपचं प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या बारदेश तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं आहे. संस्थेचं, एजंटांचं किंवा दुकानदारांचं नाव इथे नाही, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. चूक बरीचशी आमच्याच, म्हणजे ॲपचं डिझाईन करणाऱ्यांच्या, बाजूची होती, त्यामुळे ती झाकण्यात अर्थ नाही. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "यूआय (यूजर इंटरफेस) आणि यूएक्स (यूजर एक्स्पिरिअन्स) यांच्यात नेमका फरक काय?" मी हल्ली व्याख्या सांगायच्या भानगडीत पडत नाही, हीच गोष्ट सांगते.

पार्श्वभूमी

पिग्मी म्हणजे काय हे गोवा-कारवार पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने (तीच पुढे सिंडिकेट बँक झाली) दारोदार माणूस पाठवून रोज दोन आण्यांपासून ठेव गोळा करायला सुरुवात केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी मात्र पतसंस्थांच्या आधाराने गावोगाव चालूच आहे. म्हापशाच्या बाजारात सकाळी साडेदहा-अकराला खांद्याला पिशवी अडकवलेली बाई एका दुकानातून दुसऱ्या दुकानात शिरते, आतून कुणीतरी "पिग्मी आयली!" म्हणतं, आणि गल्ल्यातून एक घडी घातलेली नोट बाहेर येते.

या संस्थेकडे १४ एजंट होते, त्यातल्या ९ बायका. प्रत्येक खातेदाराकडे एक पिवळं कार्ड असायचं. एजंटाने तारखेसमोर रक्कम लिहायची, सही करायची, कार्ड परत खिळ्याला अडकवायचं आणि आपल्या वहीत टिपून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे आणि यादी काऊंटरवर जायची आणि तिथला कारकून ती संगणकात चढवायचा. मुदत वर्षाची. पुष्कळांनी खाती अशा बेताने उघडलेली की चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, बाजाराच्या तोंडावर पैसे हातात पडावेत.

लेखापरीक्षकांनी शेरा मारला की पैसे दुकानातून निघाल्यापासून काऊंटरवर येईपर्यंत जवळजवळ दिवसभर संस्थेकडे त्याची कसलीच नोंद नसते. शेरा रास्त होता. संचालक मंडळाने ठरवलं की एजंटांच्या हातात मोबाइल ॲप द्यायचं, पैसे घेतले त्याच जागी नोंद करायची, आणि खातेदाराला लगेच एसएमएस जायचा. वार्षिक सर्वसाधारण सभेत चेअरमननी 'कागदमुक्त पिग्मी' जाहीर करून टाकली. टाळ्याही पडल्या.

आमच्या छोट्या कंपनीला जी ऑर्डर मिळाली त्यात एक ओळ होती : 'यूआय/यूएक्स डिझाईन, २२ स्क्रीन'. त्या ओळीतली तिरकी रेघ तेव्हा आम्हाला खटकली नाही. नोकरीच्या जाहिरातींतही हे दोन शब्द असेच एका श्वासात येतात. पण दर स्क्रीनमागे ठरलेला. म्हणजे जे स्क्रीनवर दिसणार त्याचे पैसे, आणि जे दिसणार नाही ते आम्ही पदरमोड करून करावं किंवा करू नये. आम्ही केलं नाही.

पहिली आवृत्ती

ॲप देखणं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. लॉगिन, खातेदारांची यादी, वर शोधायची चौकट, नाव निवडलं की रक्कम भरायची, मग 'खात्री करा', आणि सर्व्हरकडून होकार आला की हिरवी खूण. संध्याकाळी दिवसाची बेरीज. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते सुरू झालं आणि त्याच दिवशी पिवळी कार्डं बंद झाली. गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात काय सुरू होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आम्ही सगळे पर्वरीच्या ऑफिसात कोरडे बसलो होतो, एवढंच.

अडचण आणि पहिला इलाज

जुलैच्या सुरुवातीला व्यवस्थापकांचा मेल आला. बटणं लहान आहेत, अक्षरं उन्हात दिसत नाहीत, नावं नीट वाचता येत नाहीत, एजंट कुरकुर करताहेत, 'तरी डिझाईन बदलून द्यावे'. दुखणं यूआयच्या भाषेत सांगितलेलं होतं, आणि आम्ही इलाजही त्याच भाषेत केला.

तो इलाज खोटा नव्हता. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक तत्त्वांत बोटाने दाबायच्या जागेचं माप किमान ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं एकक) सांगितलेलं आहे. आमची काही बटणं त्याहून बारीक निघाली, ती वाढवली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक ४.५ ला १ असावा हा सुलभतेचा सर्वमान्य दंडक आमच्या राखाडी अक्षरांनी जेमतेम पाळला होता. पण स्वस्त फोन, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि मधूनच पडणारं ऊन यांच्यापुढे जेमतेम पाळलेला दंडक टिकत नाही. अक्षरं सरळ काळी केली. देवनागरीची गोष्ट आणखी लाजिरवाणी होती. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या अंदाजाने धरलेली, त्यामुळे खालचे उकार कापले जात होते. 'सुमन'चं 'समन' आणि 'कुसुम'चं 'कसम' झालेलं. फॉन्टला भाषा मराठी असल्याचं सांगितलेलंच नव्हतं, म्हणून ल आणि श हिंदी वळणाचे उमटत होते. हे सगळं दुरुस्त केलं. आमच्या स्क्रीन करणाऱ्या सहकाऱ्याने त्यात दोन आठवडे मनापासून घातले, आणि नोंद करायला लागणारा वेळ खरोखरच कमी झाला.

व्यवस्थापकांनी आभाराचा मेल पाठवला. प्रकरण मिटलं असं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी, अगदी वेगळ्याच कामासाठी, सर्व्हरवर कोणत्या वेळी भार जास्त येतो ते मी बघत होते. सकाळी अकराला उंचवटा दिसायला हवा होता. तो दिसला रात्री साडेनऊ ते साडेदहाच्या मध्ये. रात्री दहा वाजता म्हापशाच्या बाजारात कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. एजंट दिवसभर जुन्या वहीत लिहीत होते आणि जेवणं आटपली की घरी बसून ॲपमध्ये नोंदी चढवत होते. ज्या एका कारणासाठी ॲप आलं तेच कारण निकालात निघालं होतं, आणि तेही आमच्या नव्या, मोठ्या, ठळक बटणांच्या मदतीने. मोठ्या बटणांमुळे रात्रीचं काम लवकर उरकत होतं.

पहिला निर्णय : कुलूप की चौकशी

व्यवस्थापकांना हा एजंटांचा आळस वाटला, थोडा संशयही आला. त्यांची सूचना होती की संध्याकाळी सातनंतर ॲपच बंद करावं आणि नोंद करताना एजंट कुठे आहे ते जीपीएसने तपासावं. दोन्ही करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं होतं, आणि त्यासाठी तीन नवे स्क्रीन लागले असते, म्हणजे आमचं बिलही वाढलं असतं. मी आठ दिवस मागून घेतले. व्यवस्थापक म्हणाले, "बाय, चवथ तोंडावर आलीय. आठ दिवसांत काय ते करा."

मी तीन दिवस एका ज्येष्ठ एजंटबाईंबरोबर बाजारात फिरले, आणि माझा सहकारी एक दिवस दुसऱ्या एजंटाबरोबर शिवोलीच्या वाटेवर गेला. हे कुठल्याही ऑर्डरमध्ये नव्हतं.

बाजारातले तीन दिवस

पहिल्याच सकाळी ध्यानात आलं की आम्ही ज्याला 'व्यवहार' म्हणून चार स्क्रीनांत मांडलं होतं तो प्रत्यक्षात व्यवहारासारखा दिसतच नाही. कापडाच्या दुकानात मालक गिऱ्हाईकाला परकर दाखवतोय. एजंटबाई आत शिरतात, काही बोलत नाहीत. मालक गिऱ्हाईकावरची नजर न काढता डाव्या हाताने शंभराची नोट पुढे करतो. बाई ती पिशवीत टाकतात आणि बाहेर पडतात. पूर्वी याच्या मधोमध एक गोष्ट होती : खिळ्यावरचं कार्ड काढून सही करणं. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. आता तिथे छत्री काखेत, फोन पिशवीत, बोट ओलं म्हणून स्क्रीन दाद देत नाही, नाव शोधायचं, आणि छपराखाली सिग्नल नाही म्हणून ते गोल चक्र फिरत राहायचं. गिऱ्हाईक वळून बघतं, मालकाला अवघडल्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी एकाने हसत हसत सांगितलं, "तू फाल्यां यो." उद्या ये.

नाव शोधण्याची तर निराळीच कथा. यादी खाते क्रमांकाने लावलेली आणि नावं केवायसीच्या कागदावरची. त्यात नाईक किती, ते मोजायचं मी सोडून दिलं. एजंटबाईंना यातला एकही नाईक नाईक म्हणून ठाऊक नव्हता. त्यांच्या डोक्यात 'केळ्यांचा', 'पायरीवरची', 'बांगड्यांच्या दुकानाचा धाकटा' अशी माणसं होती, आणि तीही पावलांच्या क्रमाने. एका नाईकाचे पन्नास रुपये दुसऱ्या नाईकाच्या खात्यात गेल्याचं त्यांनी मला अगदी सहज सांगितलं. रात्री वहीशी ताळा करताना त्यांनीच ते निस्तरलं होतं. म्हणजे वही ही त्यांची पळवाट नव्हती. आमच्या चुका पकडायचं साधन होतं ते.

पण खरी गोष्ट पैसे देणाऱ्यांच्या बाजूला होती, आणि तिकडे आमचं लक्ष एकदाही गेलं नव्हतं.

नारळाच्या एका दुकानात म्हातारा मालक खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आनी सही खंय?" सही कुठे? एसएमएस येतो की, मी म्हटलं. फोन मुलाकडे असतो, आणि मुलगा वास्कोला. मग कळलं की त्या कार्डाकडे बघणारा तो एकटा नव्हता. दुपारी बायको गल्ल्यावर बसली की कार्डावरून तिला समजायचं आजचे पैसे गेले की नाही. मालक नसताना नोकर पैसे द्यायचा, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची पावतीही तेच कार्ड. चवथ किती लांब आहे आणि किती जमलंय, हे पेनाने केलेल्या बेरजेत तिथेच लिहिलेलं. एका दुकानात ते गणपतीच्या कॅलेंडरच्याच खिळ्याला होतं.

दुसरा अनुभव सांगताना मला अजूनही अवघड वाटतं. बाजाराच्या कडेला मासळी घेऊन बसणाऱ्या एका बाईने जूनच्या शेवटी पिग्मी बंद केली होती. तिला स्वतःचा खिळाच नाही. तिचं कार्ड शेजारच्या दुकानात टांगलेलं असायचं, आणि ते तिथेच राहावं अशीच तिची इच्छा होती, कारण या पैशांबद्दल घरी कुणाला माहीत नव्हतं. कार्ड बंद झालं आणि एसएमएस सुरू झाले. संस्थेत नोंदवलेला नंबर घरातल्या फोनचा होता. पुढचं एजंटबाईंनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

या बाईने आमचं ॲप कधी हातातही घेतलं नव्हतं. तिच्यापुरता स्क्रीन नव्हताच, म्हणजे चांगला-वाईट इंटरफेस असण्याचा प्रश्नच नाही. आणि तरी आमच्या कामाचा सगळ्यात मोठा फटका तिलाच बसला.

दोन शब्दांमधली रेघ

त्या रात्री ऑर्डरमधली ती तिरकी रेघ मला पहिल्यांदा दिसली. यूआय म्हणजे बोट आणि काच यांच्यामधलं सगळं : बटण केवढं, रंग कोणता, उकार कापला जातो का, चूक झाली तर मागे कसं यायचं. आमच्या प्रकरणात ते एजंटापुरतं होतं. यूएक्स म्हणजे माणूस आणि त्याला जे साधायचंय त्याच्यामधलं सगळं. त्यात काच असेल किंवा नसेलही. दुकानदाराला ॲप वापरायचं नव्हतं, त्याला संध्याकाळी पैसे गेल्याची खात्री हवी होती. ती खात्री एका पिवळ्या कागदात होती, आणि आम्ही तो कागद काढून घेतला.

डिझाईनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले तेव्हा त्यांनी आपल्या पदाच्या नावात 'यूजर एक्स्पिरिअन्स' हे शब्द घेतले, कारण 'इंटरफेस' हा शब्द त्यांना तोकडा वाटत होता. आयएसओ ९२४१-२१० या आंतरराष्ट्रीय मानकातली यूएक्सची व्याख्या तर प्रत्यक्ष वापराच्याही मागे जाते : वापर होण्याआधी मनात धरलेल्या अपेक्षेमुळे जे वाटतं तेही तिने अनुभवात धरलंय. 'चवथीला पैसे मिळतील ना?' ही धाकधूक त्यातच आली. डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी २००० साली काढलेल्या आकृतीत पाच थर आहेत. वर डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग, त्याखाली सांगाडा, मग रचना, मग व्याप्ती, आणि तळाला हेतू. आमचे २२ स्क्रीन वरच्या दोन थरांत मावत होते. तळाचा थर संचालक मंडळाने सभेत जाहीर केला होता आणि आम्ही तो तसाच घेतला.

हे वाचून कुणी 'यूएक्स थोर, यूआय म्हणजे नुसती रंगरंगोटी' असा अर्थ काढेल. तसं नाही. ते पुढे येईलच, कारण आम्ही नंतर नेमकी तीच घोडचूक केली.

पर्याय

संस्थेसमोर चार वाटा होत्या.

ॲपला कुलूप आणि जीपीएस ही पहिली. त्याने रात्रीच्या नोंदी थांबल्या असत्या, पण दुकानात चाळीस सेकंद उभं राहण्याची अडचण तशीच राहिली असती, आणि 'फाल्यां यो' वाढलं असतं. एजंटांचं कमिशन वसुलीवर असतं. त्यांच्या पोटावर पाय देऊन शिस्त लावायची, असा हा पर्याय होता.

दुसरा, एजंटाच्या कमरेला छोटा प्रिंटर आणि हातात पावती. संस्थेत याला बरीच पसंती होती. मी बाजारातल्याच दुसऱ्या एका योजनेच्या जुन्या पावत्या आणून टेबलावर ठेवल्या. उष्णतेने उमटणारी ती अक्षरं पावसाळी दमट हवेत फिकी होऊन गेलेली, काही चिठ्ठ्या पार कोऱ्या. त्यावर चर्चा संपली.

तिसरा एका संचालकांच्या पुतण्याचा : खातेदारांसाठीही वेगळं ॲप काढा. मोहात पडण्यासारखं काम होतं. पण ज्यांचा फोन वास्कोला असतो त्यांना ॲप देऊन काय करणार?

चौथा पर्याय आमचा. पिवळं कार्ड परत आणायचं, पण त्यावर क्यूआर कोड छापायचा. एजंट कार्ड खिळ्यावरून काढते तेव्हाच फोन समोर धरते, खातं आपोआप उघडतं, रक्कम नोंदते आणि सही करते. नाव शोधणं संपलं, नाईकांचा घोळ संपला. एजंट दुकानात प्रत्यक्ष गेली होती याचा पुरावाही त्यातच आला. कारकुनाने एक रास्त शंका काढली : एजंटाने कार्डाचा फोटो काढून ठेवला तर घरी बसूनही स्कॅन होईल. होईल. त्यावर तंत्राचा इलाज न शोधता दर महिन्याला काही कार्डं उचलून सह्या आणि नोंदी ताडून बघायचं ठरलं, जे संस्था पूर्वी करतच होती आणि ॲप आल्यावर तिने सोडून दिलं होतं.

खरा अडथळा वेगळाच निघाला. सभेत 'कागदमुक्त' जाहीर झालेलं, आता कार्ड परत कसं आणायचं? त्याला चेअरमननी स्वतःच तोड काढली. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'डिजिटल कार्ड'. डिझाईनच्या कामात नाव ठेवणंही येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

काय केलं, कोणत्या क्रमाने

दुसरा महत्त्वाचा निर्णय क्रमाचा होता. नवं ॲप तयार व्हायला महिना लागणार होता आणि चवथ त्याच्या आधी येत होती. मला सगळं एकदम, नेटकं बाहेर काढायचं होतं. एजंटबाईंनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, "आधी कार्ड द्या, बाकीचं मागाहून." तसंच केलं. छापखान्यातून कोड असलेली कार्डं आली, आणि ॲपला अजून कोड वाचता येत नसतानाही ती खिळ्यांना लागली. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस एजंटांनी नुसत्या सह्या केल्या आणि नोंदी रात्रीच चढवल्या. व्यवस्थापकांना ते सहन करावं लागलं.

एसएमएसचा प्रश्न दिसतो त्याहून चिवट होता. पहिली गोष्ट, तो घ्यायचा की नाही हे खातेदाराने ठरवायचं, आणि न घेण्याचं कारण कुणी विचारायचं नाही. दुसरी भाषा. बाजारात मराठी वाचणारे आहेत, कोंकणी देवनागरीत वाचणारे आहेत, ती रोमी, म्हणजे रोमन, लिपीत वाचणारे आहेत, इंग्रजीच बरी म्हणणारे आहेत. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं मावतात, रोमन लिपीत १६०, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांनंतर अशा संदेशांचा मसुदा आधी नोंदवून घ्यावा लागतो, म्हणजे शब्द बदलायचे तर पुन्हा रांगेत. शेवटी रोजचा संदेश बंद करून महिन्याला एकच ठेवला : एकूण किती जमलं. 'ए/सी एक्सएक्स४५६७ क्रेडिटेड' वाचून कुणाच्या जिवाला स्वस्थता येत नाही. 'आजवर ९,४०० रु. जमा' वाचून येते.

ॲपमध्ये नोंद आधी फोनमध्येच साठवायची आणि सिग्नल मिळेल तेव्हा पाठवायची, म्हणजे ते गोल चक्र गेलं. यादी वाटेच्या क्रमाने लागली, आणि एजंटाला खातेदाराच्या नावापुढे स्वतःचं टोपणनाव लिहिता येऊ लागलं. 'केळ्यांचा' आता अधिकृत आहे. स्क्रीन २२ वरून १३ झाले. दर स्क्रीनमागे ठरलेला असताना हा हिशेब मांडणं किती मजेचं असतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

चाचणी दोन वाटांवर घेतली, बाजार आणि शिवोलीची बाजू. आणि इथे ती घोडचूक.

बहुतेक खातेदार रोज तीच रक्कम देतात हे बाजारात दिसलं होतं. म्हणून मी ठरवलं की कार्ड स्कॅन झालं की कालचीच रक्कम आपोआप नोंदली जावी. एक दाब वाचला. सहकारी म्हणाला, मधे काहीतरी हवं. मी म्हटलं, अनुभव बघ, बटणं काय मोजतोस. दुसऱ्याच दिवशी एका दुकानात एजंटाने कार्ड स्कॅन केलं आणि मालक म्हणाला, "आयज ना." पैसे नाहीत, पण नोंद झालेली. ती पुसायची पट्टी खाली तीन सेकंद दिसून गेली, ओल्या बोटाने पकडेपर्यंत नाहीशी. त्या आठवड्यात असल्या भुताच्या नोंदींनी दोन एजंटांना खिशातून पैसे भरायची पाळी आणली असती, कारकुनाने वेळेवर धरलं म्हणून वाचले. दोष सगळा काचेवरचा होता, आणि तो माझ्या 'अनुभवा'च्या तोऱ्यातून आलेला.

सहकाऱ्याने मग दोनच जागा ठेवल्या, प्रत्येकी अर्धा स्क्रीन : वर 'कालचेच १००', खाली 'आज नाही'. वेगळी रक्कम हवी असेल तर आकड्यावर बोट दाबून धरायचं. एक दाब वाढला, आणि कुणी तक्रार केली नाही. 'आज नाही' तर एजंटांना फारच आवडलं. फेरी झाली होती, पैसे मिळाले नाहीत, याचा पुरावा त्यांच्याकडे आजवर कधी नव्हता.

निष्पत्ती

चाचणीच्या दोन्ही वाटांवर नोंदींचा उंचवटा रात्रीवरून सरकून साडेदहा ते एक आणि संध्याकाळी चारनंतर असा झाला, म्हणजे माणसं जेव्हा खरोखर बाजारात असतात तेव्हा. ते पाहून बाकीच्या वाटांवरही नवं ॲप गेलं. चौदांपैकी दोन एजंट अजून वही ठेवतात. आम्ही ती सोडवायला गेलो नाही.

लेखापरीक्षकांना त्याच जागची नोंद मिळाली. दुकानदारांना सही मिळाली. जूनमध्ये थांबलेल्यांपैकी बरेच जण परत आले, पण सगळे नाहीत. मासळीवाली बाई आली नाही. तिने बाजारातल्या बायकांच्या भिशीत पैसे घालायला सुरुवात केली आहे, असं एजंटबाईंनी सांगितलं. एसएमएस आता बंद करता येतो हा निरोप तिच्यापर्यंत पोचवला होता. तिने ऐकून घेतला, एवढंच.

मासळी बाजारातल्या कार्डांवरचे कोड पाणी आणि खवल्यांनी दोन महिन्यांत वाचेनासे होतात. त्यांना प्लॅस्टिकचं पाकीट दिलं, तेही पुरत नाही. त्या भागात एजंट अजून यादीतूनच नाव निवडतात.

पुन्हा करायचं झालं तर

जुलैच्या मेलला उत्तर देण्याआधी मी नोंदींच्या वेळा बघेन. ती माहिती पहिल्या दिवसापासून आमच्याकडे होती. बटणाचा आकार विचारणाऱ्याला बटणाचा आकारच सांगायचा, ही आमची सवय आम्हाला महिनाभर महागात पडली.

आणि कामाच्या सुरुवातीला आम्ही 'वापरकर्ता कोण' असं विचारलं होतं, उत्तर मिळालं 'एजंट', आणि आम्ही लिहून घेतलं. पैसे कुणाचे आहेत असं विचारलं असतं तर बोट दुसरीकडे गेलं असतं. संदेश कुणाच्या फोनवर जातो, तो फोन कुणाच्या हातात असतो, हे तर कार्यालयात बसूनही विचारता आलं असतं. त्यासाठी बाजारात जायची गरज नव्हती.

जुनं काढून टाकण्याआधी ते काय काय करतं याची यादी करायला हवी होती. कार्ड हा कागद आहे असं सगळ्यांनी धरलं. तो निरोप होता, हजेरी होती, नोकराचा जामीन होता आणि एका बाईची तिजोरी होती.

एका बाबतीत माझा सहकारी आणि मी अजून एकमताचे नाही. तो म्हणतो, जुलैतली यूआयची दुरुस्ती फुकट गेली नाही, ती नसती तर नंतरची आवृत्ती कुणी हातात धरली नसती. मला वाटतं, त्या दुरुस्तीमुळेच खरं दुखणं महिनाभर झाकलं गेलं. दोन्ही खरं असू शकतं.

त्याच संस्थेने यंदा सोनेतारण कर्जाच्या कामासाठी पुन्हा बोलावलं. या वेळी आमच्या दरपत्रकात स्क्रीनच्या आधी एक ओळ घातली : 'काऊंटरच्या बाहेरच्या बाकावर बसून निरीक्षण, ६ दिवस', आणि पुढे रक्कम. व्यवस्थापकांनी ६ खोडून ३ केले. घासाघीस होऊन ४ वर मिटलं.